आधी खालून

१

सिबिल झिराडकरची सकाळ ठरलेली असे. आधी केटल, मग पडदे, मग पिंजऱ्यावरचं फडकं. हा क्रम मोडला तर अख्खा दिवस नासतो असं तिचं मत होतं, आणि सिबिलचं एकदा मत झालं की ते बदलायच्या भानगडीत घरातलं कुणी पडत नसे. घरात होतं तरी कोण म्हणा. नवरा सॅमसन, जो आयुष्यात तिच्याशी एकही भांडण जिंकला नव्हता आणि ज्याला त्याचं काही वाटतही नव्हतं. आणि तो पक्षी.

फडकं निघालं की पक्षी मान वाकडी करून तिच्याकडे बघे, दोन उड्या मारून वरच्या दांडीवर येई आणि गायला लागे. मूठभर जीव, पण थाट बघावा तर लग्नाचा. शेवाळी अंग, पिवळाधमक गळा, छातीवर नारिंगी, पंखांना तांबडा-पिवळा काठ, आणि चोच तर नुकताच विडा खाऊन आल्यासारखी लाल. सॅमसनने पहिल्याच दिवशी त्याचं नाव नवरदेव ठेवलं होतं.

मुलगी एव्हलिन कॉम्प्युटरची नोकरी मिळून किचनर गावाला राहायला गेली, तेव्हाची ही गोष्ट, सत्त्याहत्तर सालची. टोरांटोच्या नॉर्थ यॉर्क भागातलं त्यांचं बैठं घर एकाएकी मोठं झालं. सिबिल रिकाम्या खोल्यांमधून रेडिओ लावून ठेवायला लागली. सॅमसनने ते बघून ठेवलं. शेजारच्या वॉन गावातल्या एका गोदामात तो काम करी. एका शुक्रवारी तिथून तो घरी आला तो पिंजरा घेऊनच. त्यांच्या ज्यू घरात शब्बाथचे दिवे लावायची वेळ झालेली आणि हा दारात उभा, बुटांना चिखल, चेहऱ्यावर चोरी पकडल्यासारखा भाव.

"दुकानवाला पेकिन रॉबिन म्हणतो," तो म्हणाला. "पण आहे हिमालयातला. वर उंचावर गर्द जंगलं असतात ना, तिथला. नाव एकीकडचं, गाव एकीकडचं, मुक्काम टोरांटोला. म्हटलं, हा आपल्यातलाच दिसतो."

हे पक्षी जोडीने राहतात, दुकानदाराने दोन मागवले होते, पण विमानाच्या प्रवासात दुसरा मेला, हेही त्याने बूट काढता काढता सांगितलं.  नवऱ्याचे आभार मानायची त्यांच्या पिढीत पद्धत नव्हती, म्हणून तिने त्याच्या ताटात माशाची मधली तुकडी वाढली. सॅमसनला ते बरोबर कळलं.

२

ऑक्टोबरात पहिला कडाका पडला आणि बेसमेंटमधली फर्नेस सुरू झाली. इकडच्या घरांत प्रत्येक खोलीच्या जमिनीत एक लोखंडी जाळी असते, व्हेंट म्हणतात तिला. खालच्या फर्नेसची गरम हवा पत्र्याच्या नळांमधून तिथे वर येते. नवरदेवाला ऊब मिळावी म्हणून सिबिलने त्याचा पिंजरा जेवणाच्या टेबलाशेजारी, व्हेंटला लागून ठेवला.

त्यानंतर एका सकाळी नवरदेव गाऊन थांबला, आणि व्हेंटमधून कुणीतरी त्याला उत्तर दिलं.

तेच गाणं, तेवढंच लांब, फक्त आवाज थोडा जड. सिबिल हातातला कप तसाच धरून उभी राहिली. मग तिने स्वतःलाच दटावलं. नळ पत्र्याचे आहेत, आवाज घुमणारच. संध्याकाळी सॅमसननेही तेच सांगितलं, आणि सिद्ध करून दाखवायला गुडघ्यांवर बसून व्हेंटमध्ये तोंड घालून मोठ्याने 'हॅलो' म्हणाला. काहीच परत आलं नाही. जाड आवाज खाली अडकत असेल, बारीकच तेवढा परतत असेल, असा त्याने निकाल दिला आणि बातम्या लावल्या. सिबिललाही तो निकाल सोयीचा होता.

मग एकदा, ती फडक्याला हात लावून उभी असतानाच, नवरदेव अजून अंधारात झाकलेला असतानाच, गाणं सुरू झालं. खालून. त्या दिवशी गाण्याच्या शेवटी एक वेडीवाकडी गिरकी होती, नवरदेवाने ती कधी घेतली नव्हती. खालचं गाणं संपलं. सिबिलने फडकं ओढलं. नवरदेव वरच्या दांडीवर आला, गायला, आणि शेवटी त्याने तीच गिरकी घेतली.

प्रतिध्वनी मागून येतो. एवढं तर शाळेत न गेलेल्यालाही माहीत असतं. सिबिल तर इकडे यायच्या आधी माझगावच्या शाळेत मुलांना विज्ञान शिकवत असे. तिने डोकं चालवलं. एखादा रानपक्षी थंडीने बेसमेंटमध्ये शिरला असेल, त्याचं ऐकून हा शिकत असेल. ती झाडू घेऊन खाली उतरली. वॉशिंग मशीन, जुना सोफा, लोणच्याच्या बरण्या, सुटकेसी, आणि कोपऱ्यात घुमणारी फर्नेस. पीस नाही, विष्ठा नाही, काही नाही. वरून नवरदेवाचं गाणं स्पष्ट ऐकू येत होतं. खाली मात्र कुणी चकार शब्द काढत नव्हतं, आणि हेच तिला जास्त खटकलं. आपण वर जाण्याची कुणीतरी वाट बघत थांबलंय, असं तिला वाटलं. ती वर आली आणि बेसमेंटचं दार लावून घेतलं.

३

पद्मजा त्याच रस्त्यावर राहायची. नवरा इंजिनियर, दोघं नागपूरकडची, वयाने सिबिलहून बरीच लहान. दुपारी कधी कधी ती चहाला येई आणि थंडीवर, शेजाऱ्यांवर आणि नागपूरच्या सासूवर मनसोक्त बोले. सिबिलला तिचं येणं आवडायचं.

"सिबिलताई, दुसरा कधी आणलात?" एकदा बिस्किट चहात बुडवता बुडवता तिने विचारलं.

सिबिलला आधी कळलंच नाही. मग कळलं, आणि तिने हातातला कप खाली ठेवला. कुठे ठेवलाय त्याला, असं पद्मजा विचारत होती.

"खाली," सिबिल म्हणाली. शब्द आपसूक तोंडातून गेला.

"गातो छान. पण खालचा जरा पुढे पुढे करतो हां. ह्या बिचाऱ्याने तोंड उघडायच्या आत ह्याचं गाणं म्हणून टाकतो." पद्मजा हसली आणि सासूवर परत आली.

ती गेल्यावर सिबिलने दोघींचे कप धुऊन ठेवले. आपल्याला वेड लागलेलं नाही, ह्याचा तिला प्रथम फार आनंद झाला. मग लक्षात आलं की वेड लागलं असतं तर बरं झालं असतं. वेडावर औषध असतं.

सॅमसनला तिने सांगितलं नाही. सांगून तो काय करणार होता, पुन्हा व्हेंटमध्ये तोंड घालून हॅलो म्हणणार होता. आणि खरं सांगायचं तर हळूहळू तिला त्या आवाजाची सवय झाली. आधी खाली, मग वर. तिने रेडिओ लावणं बंद केलं होतं. घर आता रिकामं वाटत नव्हतं, आणि त्याबद्दल ती कुणाची तरी ऋणी होती, फक्त कुणाची ते तिला नीट म्हणता येत नव्हतं.

४

फेब्रुवारीत सॅमसनला फ्लू झाला. आपल्या खोकल्याने सिबिलची झोपमोड नको म्हणून तो बेसमेंटमधल्या सोफ्यावर झोपायला गेला. फर्नेसशेजारी ऊबही होती. बाहेर बर्फ पडायचं थांबत नव्हतं.

त्या सकाळी सिबिलने केटल ठेवली, पडदे सारले, फडक्याला हात लावला आणि सवयीने थांबली. खालून काही आलं नाही. तिने वाट पाहिली. शेवटी फडकं काढलं. नवरदेव दांडीवर होता. त्याने चोच उघडली, गळा फुगवला, आणि आवाज निघाला नाही. त्याने पुन्हा चोच उघडली आणि मिटली. मग तो फुलून, मान आत घेऊन बसून राहिला. ह्यालाही सर्दी झाली वाटतं, असं सिबिल म्हणाली. सॅमसनला खाली जाऊन पेज देऊन आली. त्याचं डोकं दुखत होतं. फ्लूत दुखणारच.

दुपारी बर्फ थांबलं तशी ती ड्राइव्हवेवरचं बर्फ शोव्हलने उपसायला बाहेर पडली. आत आली तेव्हा तिचे हात बधिर झाले होते. बुटांवरचे रबरी गॅलोशेस काढताना तिची नजर पिंजऱ्याकडे गेली. नवरदेव तळाशी पडला होता. तिने त्याला तळहातावर घेतलं. पिवळा गळा, लाल चोच, सगळं जिथल्या तिथे, आणि वजन म्हणून काही नाही.

ती तशी उभी असताना व्हेंटमधून सॅमसन बोलला.

"सिबिल, उठव मला गो."

नेहमीचाच आवाज, झोपेतला, जरा कुरकुरा. हे आणखी एक, असं पुटपुटत तिने पक्षी टेबलावर रुमालात ठेवला आणि ती खाली गेली.

सॅमसन सोफ्यावर उताणा होता. चेहरा लाल, तुकतुकीत, इतका निरोगी की क्षणभर तिला बरंच वाटलं. तिने खांदा हलवला. मग जोरात हलवला. मान एका बाजूला घरंगळली. तिचंही डोकं आता ठणकत होतं, पाय दुसऱ्या कुणाचे असावेत तसे झाले होते. आणि तेव्हा तिने पुन्हा ऐकलं, "सिबिल, उठव मला गो." सॅमसनचे ओठ तिच्या डोळ्यांसमोर होते. ते हलले नव्हते. आवाज फर्नेसच्या मागून आला होता.

सिबिलच्या आईने तिला एक गोष्ट पक्की शिकवली होती. संकटात मलिद्याचा नवस बोलायचा तो संदेष्ट्या एलियाहू हन्नाबीच्या नावाने बोलायचा. कोकणातल्या तिच्या ज्यू लोकांनी शेकडो वर्षं हेच केलं. दुखणं, बाळंतपण, समुद्रप्रवास, काहीही असो, हन्नाबीचं नाव घ्यायचं, आणि पार पडलं की गोड पोह्यांचं ताट मांडून देवाचे उपकार मानायचे. त्या क्षणी मात्र सिबिलला ते नाव आठवलं नाही. शेमाची प्रार्थनाही आठवली नाही. ती फर्नेसमागच्या काळोखाकडे बघून म्हणाली, "तू जो कोण असशील तो, ह्याला मला वर नेऊ दे. मी तुझा मलिदा करीन."

मग तिने नवऱ्याच्या काखेत हात घातले आणि ओढायला लागली. सॅमसन काही पैलवान नव्हता, पण तीही साठीला आलेली बाई होती. जिन्याच्या तळाशीच तिचा दम संपला. एक पायरी, आणखी एक, आणि मग हात सुटायला लागले. नेमकं तेव्हा वजन कमी झालं. खालच्या बाजूने, पायांकडून, कुणीतरी उचलून धरावं तसं. ती पाठमोरी ओढत होती. मान खाली घालून बघितलं असतं तर सॅमसनचे पाय दिसले असते, आणि पाय कुणी धरले होते तेही दिसलं असतं. तिने डोळे घट्ट मिटले आणि जिन्याच्या माथ्याशी असलेलं बाहेरचं दार पाठीला लागेपर्यंत ओढत राहिली.

त्या दारातून ते दोघं बर्फात पडले. पद्मजा खिडकीतून बघत होती म्हणून अॅम्ब्युलन्स लवकर आली. ती येईपर्यंत सिबिलने सॅमसनचं डोकं मांडीवर घेतलं होतं. गार हवेत त्याचा श्वास मोठा झाला, पापण्या हलल्या.

"सिबिल," तो म्हणाला, झोपेतल्या, जरा कुरकुऱ्या आवाजात, "उठव मला गो."

५

फर्नेसचा धूर बाहेर नेणारा पाइप बर्फाने बुजला होता. घरात कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू भरला होता. फायर डिपार्टमेंटच्या माणसाने हे समजावलं, आणि टेबलावरचा रुमाल बघून टोपी काढली. पक्षी नेहमी आधी जातात, असं तो म्हणाला.

हॉस्पिटलमधल्या डॉक्टरने सिबिलला बसवून सांगितलं की तू बाहेर शोव्हल करत होतीस म्हणून तू वाचलीस, आणि तू वाचलीस म्हणून हा वाचला. आणखी थोडा उशीर झाला असता तर इथे आणायचं कारण उरलं नसतं. ह्या वायूने माणसाला भास होतात, नसलेले आवाज ऐकू येतात, हेही त्याने आपणहून सांगितलं. फर्नेस कदाचित ऑक्टोबरपासूनच थोडी थोडी गळत असेल, तो म्हणाला.

सिबिलने हे उत्तर दोन्ही हातांनी घेतलं. सगळं जुळत होतं. फर्नेस लागली तेव्हा आवाज सुरू झाला. पद्मजाही त्याच घरात बसून चहा प्यायची. जिन्यात वजन हलकं झालं, तर अशा वेळी बायकांच्या अंगात बळ येतंच, मोटार उचललेल्या बायका आहेत. आणि 'उठव मला गो' हे सॅमसन रोजच म्हणायचा. तिने मनाशी सगळ्याचा उलगडा केला आणि नवऱ्याच्या पलंगाशी बसून रडून घेतलं. इतकी वर्षं संसार केला, ह्या माणसाशिवाय आपल्याला जगता येणार नाही हे तिला कधी म्हणायची वेळ आली नव्हती. आता तिने ते म्हटलं. सॅमसन लाजला.

नवी फर्नेस बसली. सॅमसन घरी आला, जरा हळू चालणारा, जरा विसराळू झालेला, पण आला. सिबिलने त्याला खुर्चीत बसवलं आणि ती स्वयंपाकघरात गेली. तेवढ्यात व्हेंटमधून त्याचा आवाज आला, "पिंजरा काढलास का गो?" ती ओट्याला धरून उभी राहिली. बाहेरच्या खोलीत सॅमसन खोकला, इकडेतिकडे बघितलं असावं, आणि मग म्हणाला, "पिंजरा काढलास का गो?"

फर्नेस नवी होती. मीटर लावून तपासलेली होती.

६

अल्बर्टमामा हे त्यांच्या टोरांटोतल्या मोजक्या लोकांमधले वडीलधारे. सणावारी प्रार्थना तेच सांगत. मलिदा करायचाय म्हणून सिबिलने त्यांना बोलावलं आणि नवस कसा बोलला गेला तेही सांगितलं. आवाजाचं नाही सांगितलं. फक्त नाव घेतलं नाही, एवढं सांगितलं.

अल्बर्टमामांनी चष्मा काढून पुसला. बोललीस तेव्हा मनात कोण होतं, असं त्यांनी विचारलं. कोणी नाही, ती म्हणाली. त्यांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला.

"आपण हन्नाबीच्याच नावाने करू," शेवटी ते म्हणाले. "देव कोणाच्या हातून काम करून घेतो ते आपल्याला कुठे कळतं? पण सिबिल, पुन्हा असं बिननावाचं बोलू नकोस हां. कोणीही ऐकतं."

रविवारी दुपारी मंडळी जमली. जेरार्ड स्ट्रीटवरच्या भारतीय दुकानातून आणलेले पोहे भिजवून, गूळ, ओलं खोबरं आणि वेलची घालून सिबिलने मोठ्या ताटात त्यांचा ढीग रचला, भोवती खजूर, केळी, सफरचंदं, संत्री मांडली, वर गुलाबाची फुलं ठेवली. सुवासिक पाला म्हणून सब्जा लागतो, तो मिळाला नाही तर पुदिन्यावर भागवलं. किचनरहून एव्हलिन आली होती, पद्मजा नवऱ्याला घेऊन आली होती. सॅमसन नवा शर्ट घालून टेबलाच्या टोकाला बसला होता, आणि त्याच्याकडे बघून प्रत्येक जण देवाचे आभार मानत होता. इतकं भरलेलं घर सिबिलने ह्या देशात कधी बघितलं नव्हतं.

ताट मांडायच्या आधीच तिने एका लहान बशीत थोडा मलिदा बाजूला काढून ठेवला होता. कबूल केलेलं ज्याला कबूल केलं त्यालाच पोचलं पाहिजे, असं तिचं मत होतं. वर अल्बर्टमामांची प्रार्थना सुरू झाली तशी ती बशी घेऊन खाली उतरली.

बेसमेंटमध्ये उजेड होता. तिने स्वतः दिवा लावला होता. नवी फर्नेस जुनीपेक्षा लहान होती, त्यामुळे तिच्या आणि भिंतीच्या मध्ये आता एक फट राहिली होती, माणूस अंग चोरून उभा राहील एवढी. तिथे दिव्याचा उजेड पोचत नव्हता. सिबिलने बशी जमिनीवर ठेवली आणि कमरेत कळ आली म्हणून हळूहळू सरळ झाली.

फटीत एक लाल चोच होती. तिच्याखाली पिवळं काहीतरी हलकेच फुगत होतं, मिटत होतं. नवरदेवाची होती तशीच चोच, तेवढीच लहान. फक्त ती माणसाच्या तोंडाच्या उंचीवर होती, आणि तिच्या आसपास बसायला दांडी नव्हती, खिळा नव्हता, काही नव्हतं. काळोख मात्र जाड होता, त्याच्यात कुणी उभं असावं इतका.

चोच उघडली.

"माझ्या माणसाला सांभाळ," सिबिलच्या आवाजात ती म्हणाली.

असं काही म्हणायचं सिबिलने ठरवलं नव्हतं. ती बशी ठेवून आभार मानून जाणार होती, आणि अल्बर्टमामांचं बजावणं तिच्या कानात होतं. पण ते शब्द ऐकल्यावर तिच्या लक्षात आलं की ह्याहून खरं असं तिच्याजवळ दुसरं काही नाही. 

"माझ्या माणसाला सांभाळ," ती म्हणाली.

वर सगळ्यांनी मिळून आमेन म्हटलं.

७

तेव्हापासून सॅमसन बोलण्याआधी खालून ऐकू येतं. सगळंच नाही, पण दिवसाचं पहिलं वाक्य नेमाने येतं. "सिबिल, चष्मा कुठाय?" खालून. मग थोड्या वेळाने झोपायच्या खोलीतून, "सिबिल, चष्मा कुठाय?" त्याला स्वतःला ते कधी ऐकू येत नाही. त्याचे कानही आता गेलेत. पिंजरा पद्मजा घेऊन गेली, तिने त्यात फिंच पाळले.

एव्हलिन घर विकायला सांगते. तिने किचनरमध्ये घर घेतलंय, खाली आईबापांसाठी खोली आहे. "ममी, दॅट हाउस ऑल्मोस्ट किल्ड हिम," ती फोनवर म्हणते, "व्हाय आर यू हँगिंग ऑन टू इट?" सॅमसनही तयार आहे. सिबिल नाही म्हणते. कारण देत नाही. एकदा ते दोघं पोरीकडे राहायला गेले, तर सिबिलने डोळ्याला डोळा लागू दिला नाही, सॅमसनच्या छातीवर हात ठेवून बसून राहिली. तिथले व्हेंट मुके होते. परत आल्यावर ती कोट आणि बुटांसकट जेवणाच्या खोलीत शिरली, कान लावला, आणि खालून "भूक लागली गो" ऐकल्यावर मगच तिने बूट काढले. लेकीने तिच्याशी महिनाभर धड बोलणं टाकलं. सिबिलला त्याचं फार दुःख झालं, तरी तिने आपलं मत बदललं नाही.

कारण नवरदेवाची शेवटची सकाळ तिला आठवते. खालून काही आलं नाही, आणि त्याने चोच उघडली तर आवाज निघाला नाही. खालचा आवाज बोलतो म्हणून सॅमसन बोलतो, की सॅमसन बोलणार म्हणून खालचा बोलतो, हे तिला माहीत नाही. पूर्वी ती ह्याचा विचार करून डोकं शिणवून घ्यायची. आता करत नाही. विज्ञान शिकवणाऱ्या बाईने असं करू नये, पण तिला तिचा नवरा हवाय, उत्तर नको.

आजही ती उठली, केटल ठेवली, पडदे सारले. मग गुडघ्यांना हात देऊन व्हेंटपाशी जमिनीवर बसली. गरम हवा तोंडावर येत होती. झोपायच्या खोलीत सॅमसन हलत नव्हता. केटल शिट्टी वाजवायला लागली तरी ती उठली नाही. बाहेर कुणीतरी मोटारीवरचं बर्फ खरवडत होतं, ते थांबलं. तिने दोन्ही तळहात जाळीवर टेकवले. ह्या महिन्यात आवाज रोज थोडा उशिरा यायला लागलाय, हे तिने स्वतःशीही कबूल केलेलं नाही.

मग खालून आलं, "चहा कडू झालाय गो आज."

सिबिलने कपाळ जाळीला लावलं. "उपकार झाले," ती म्हणाली. तिला इतकं हलकं वाटलं की उठताना टेबलाचा आधारसुद्धा लागला नाही. खोलीतून सॅमसनच्या खोकल्याचा आवाज आला, पलंग करकरला. ती भरभर कामाला लागली.

चहा तिने नेहमीसारखाच केला. चमच्याने चाखून बघितला. चांगला झाला होता, कडू अजिबात नव्हता. तिने सॅमसनच्या पावलांचा कानोसा घेतला. मग तिने डब्यात हात घातला, मूठभर चहापत्ती भांड्यात टाकली, आणि चहा काळाकुट्ट होईपर्यंत उकळू दिला.

सॅमसन येऊन टेबलाशी बसला. तिने कप त्याच्यापुढे ठेवला आणि समोर उभी राहिली. त्याने घोट घेतला. कप खाली ठेवला. खिडकीबाहेर बघितलं. सिबिल पदर मुठीत धरून त्याच्या ओठांकडे बघत होती.

"चहा कडू झालाय गो आज," तो म्हणाला.

"असू दे," सिबिल म्हणाली. तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. "प्या तसाच."